साहेबांच्या बंगल्यामागची विहीर

अप्पा,

नांदेडच्या बंगल्याच्या फाटकाशी काळ्या दगडाचा फलक लागणार आहे आणि त्यावर तुमची थाप कोरली जाणार आहे. ती खरी असल्याचं माझ्या सहीनं लिहून द्यायचं, असा निरोप घेऊन एक नायब तहसीलदार बाई थेट माझ्या लातूरच्या घरी आल्या. म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी कधी तुमच्याशी मनातल्या मनातही बोलले नाही. मेलेल्या माणसांशी बोलत बसायची खोड मला नाही. पण या बाई आल्यापासून माझ्या हातात काम टिकत नाही. कुकर चढवते आणि शिट्ट्या विसरते, कुंडीतल्या एकाच झाडाला दोनदा पाणी घालते. तेव्हा एकदा तुमच्याशी भांडून घेतलेलं बरं.

बाई तरुण, नम्र आणि घाईत होत्या. म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही इतिहास शिकवलात, शिवाय तुमचं बालपण त्याच आवारात गेलं असं कळलं. समितीला एका जाणकाराची सही लागते. कलेक्टर साहेब आता नव्या निवासात गेले, जुन्या बंगल्याचं संग्रहालय होतंय. दगड कापायला दिलेलाच आहे." मी विचारलं, "दगड आधी आणि खातरजमा नंतर?" त्या हसल्या. "सरकारी काम आहे मॅडम, दोन्ही सोबत चालतं." मग त्यांनी मसुदा पुढे केला. 'निजाम सरकारांची स्वारी या मुलखात आली असता त्यांनी या बंगल्यात मुक्काम केला. मागील विहिरीचे जल प्राशन करून ते संतुष्ट झाले, आपल्या बोटातील अंगठी त्यांनी विहिरीस अर्पण केली व ही विहीर कधीही बुजवू नये असे फर्मान काढले.' प्राशन आणि संतुष्ट हे कचेरीतलं मराठी. अंगठी मात्र तुमची. ती वाचली आणि मी चष्मा काढून ठेवला. कोणते निजाम, ते तुम्ही कधी सांगितलं नव्हतं, आणि मसुद्यातही नव्हतं. खाली संदर्भ दिले होते. एका स्मरणिकेतला लेख, त्या लेखावरून वर्तमानपत्रात आलेला लेख, आणि त्या वर्तमानपत्रावरून कुणी तरी लिहिलेली पुस्तिका. तीन संदर्भ, आणि तिन्हींच्या मुळाशी लाल पट्टा आणि पितळी बिल्ला लावलेले तुम्ही. मी सही केली नाही. "बघून कळवते," म्हणाले. बाईंचा चेहरा जरा उतरला, पण चहा त्यांनी घेतला.

त्या बंगल्याचा खरा इतिहास मला ठाऊक आहे, आणि तो तुम्हाला कधीच पुरेसा वाटला नाही. निजामाच्या राज्यात जिल्ह्याच्या साहेबाला अव्वल तालुकदार म्हणत, त्यांच्यासाठी तो बांधला. काळा दगड, चुन्याचा घोटीव गिलावा, पुढे अर्धगोल पोर्च, उंच ओसरी, खिडक्यांवरच्या कमानींत हिरव्या-तांबड्या काचा आणि छताला पंखा ओढण्याच्या दोरीची कडी. मागे स्वयंपाकाची वेगळी इमारत, घोड्यांचा तबेला, नोकरांची चाळ आणि विहीर. मग ते राज्य गेलं. तालुकदार गेले, कचेरीतली उर्दू गेली, तबेल्यात जीप उभी राहिली. बंगला मात्र साहेबांचाच राहिला. कुणी ओसरीला जाळी मारली, कुणी रंगीत काचा काढून पांढऱ्या बसवल्या. एका साहेबांच्या आईनं दिवाणखान्याच्या कोपऱ्यात देवघर केलं आणि पुढच्या साहेबांनी तिथे फ्रिज ठेवला. एवढाच इतिहास आहे. सामान्य आहे, पण माझ्या मते चांगला आहे. त्यात एकही राजा पाणी प्यायला उतरत नाही.

तुम्हाला राजा लागायचा. साहेब बदलले की जुने साहेब कचेरीत नव्या साहेबांना चार्ज देत. बंगल्याचा चार्ज तुम्ही देत होता, तोंडी. पट्टेवाल्यांवरचे जमादार तुम्ही, उर्दू शाळेत शिकलेले, तालुकदारांच्या काळापासून त्या ओसरीवर उभे राहिलेले. त्या दिवशी सकाळी कपाळावर विभूती जरा ठळक असायची, बिल्ला चिंचेनं घासलेला असायचा, आणि तुम्ही नव्या साहेबांना पोर्चपासून मागच्या फाटकापर्यंत फिरवायचा. फेरी, असं तुम्ही त्याला म्हणायचा. साहेब मद्रासकडचे असले की खांबांचा गिलावा मद्रासच्या कारागिरांनी घोटलेला असायचा. साहेब शाकाहारी निघाले की त्या स्वयंपाकघरात कधी अंडंसुद्धा फुटलेलं नसायचं. पंजाबी साहेब आले तेव्हा तुम्ही सांगितलंत की गुरुद्वाऱ्याला जाणारे मोठे मोठे सरदार पूर्वी याच ओसरीवर टेकत. प्रत्येक साहेब सुखावायचा. मी चाळीच्या ओट्यावर पुस्तक घेऊन बसलेली असायचे आणि मान वर करायची नाही असं ठरवायचे. मला तुमची लाज वाटायची, अप्पा. ती लाज मी लपवली नव्हती, तेव्हा हे काही नवीन सांगत नाही.

तो दिवस मात्र वेगळा होता. मी बी.ए.ला होते, हिवाळा होता, पाऊस बरा झालेला. साहेब नवे आणि उत्तरेकडचे. त्यांच्या बाईसाहेबांना मागच्या अंगणात हिरवळ आणि मुलांसाठी बॅडमिंटनचं कोर्ट हवं होतं. त्या वाईट नव्हत्या. मुलांना खेळायला जागा नव्हती हे खरं होतं, आणि मागच्या फाटकातून रोज सकाळी गल्लीतल्या बाया घागरी घेऊन येत, चिखल करत, राहाट कुरकुरवत, भांडत, हेही खरं होतं. टांगेवाल्यांच्या बाया, धुणं धुणाऱ्या, सरकारी कचेऱ्यांत झाडू मारणाऱ्या. ती गल्ली बंगल्याच्या आधीची की नंतरची हे मला आजही सांगता येणार नाही, पण तिला दुसरं पाणी नव्हतं एवढं नक्की. साहेबांनी ओव्हरसियरला बोलावून सांगितलं की विहिरीत मुरूम टाका, वरून काळी माती पसरा आणि मागचं फाटक बंद करा.

ओव्हरसियर टेप धरून वाकलेत. साहेब हात पाठीमागे बांधून उभे आहेत. घागरी घेऊन आलेल्या बाया फाटकातच थांबल्यात, आत यावं की नको हे त्यांना कळत नाही. तुम्ही साहेबांच्या जरा मागे उभे आहात आणि खाकरता.

"हुजूर, ये कुआँ सरकार का है."

"सब कुछ सरकार का है," साहेब म्हणतात.

"जी हुजूर. मगर ये बड़ी सरकार का है."

आणि मग मी, पुस्तकात बोट घालून, पहिल्यांदा ते ऐकते. स्वारी, मुक्काम, पाण्याचा घोट, अंगठी, फर्मान. तुम्ही ते इतकं हळू आणि अदबीनं सांगता की ओव्हरसियरसुद्धा टेप खाली ठेवतात. साहेब विचारतात, कागद आहे का काही. तुम्ही मान झुकवता. "कागज हैदराबाद में होगा, हुजूर. हुक्म यहाँ है." आणि तळहात जमिनीकडे करता. साहेब विहिरीच्या काठाशी जाऊन बराच वेळ आत बघत राहतात. अंगठी दिसते का ते बघत असावेत. मग ओव्हरसियरला म्हणतात, टेप गुंडाळा. कोर्ट पोर्चच्या बाजूला झालं.

दुपारी तुम्ही जेवायला चाळीत आलात. अव्वा चुलीपुढे भाकरी थापत होती. मी ताट घेऊन तुमच्यासमोर बसले.

"अप्पा, ते खोटं होतं," मी म्हणाले.

"भाकर गरम हाय तवर खाऊन घे."

"निजाम, अंगठी, सगळं खोटं. पुरावा काय त्याला?"

अव्वा तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "ह्यांच्या तोंडाला एक दिवस कुलूप लावायला पाहिजे. खोली रिकामी करायला लावतील साहेब, तवा कळल पुरावा."

तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "कॉलेजात हेच शिकवून राहिले का, बापाला पुरावा मागायचं?"

"खोटं बोलायला तर नाही शिकवत."

"बरं. खरं काय हाय, तू सांग."

"बायांना दुसरीकडं पाणी नाही. हे सांगायचं होतं साहेबांना."

"ते तर त्याला डोळ्यानं दिसून राहिलं होतं की," तुम्ही म्हणालात. "दिसत होतं म्हणून तर बुजवायला निघाला."

मग तुम्ही मला ताटावरून उठवलंत. जेवताना बापाशी वाद घालणारी पोरगी बाहेर ओट्यावर जेवेल, म्हणालात. मी ओट्यावर जेवले. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, आणि ते तुम्हाला कळलं होतं म्हणूनच तुम्ही मला उठवलंत, असं माझं आजही मत आहे.

पुढच्याच वर्षी बहात्तरचा दुष्काळ पडला. गोदावरीचं पात्र दगडांचं झालं, आणि गल्ली त्या विहिरीवर जगली. राहाट सकाळपासून संध्याकाळपर्यंत थांबत नसे. त्याच बाईसाहेब पदर खोचून काठाशी उभ्या राहायच्या आणि कुणी रांग मोडली की हिंदीतून खडसावायच्या. त्यांच्याकडे पाहुणे आले की त्या अंगठीची गोष्ट सांगायच्या, आणि ती तुमच्याहून रंगवून सांगायच्या. मी हे सगळं पाहिलं. तरी माझं मत बदललं नाही. मी मास्तरीण झाले आणि आयुष्यभर पोरांना एकच प्रश्न विचारला, पुरावा काय. माझ्या माघारी मला पुरावाबाई म्हणतात हे मला माहीत होतं. ऐकलेल्या गोष्टी पेपरात लिहिणाऱ्याचे मार्क मी कापले, मग तो संस्थेच्या अध्यक्षांचा नातू का असेना. आता त्याच हातानं तुमच्या अंगठीखाली सही करायची. आणि नाही केली तर विहिरीचं काय होईल, हे बाईंनी सांगितलं नव्हतं. ते बघायला म्हणून मी एस.टी.त बसले. चाकूरला गाडी थांबली, सगळे चहाला उतरले, मी जागा धरून बसून राहिले.

बंगला रिकामा आहे, अप्पा. ओसरीची जाळी काढलीय, ते मला आवडलं. पोर्चमध्ये सिमेंटची पोती होती आणि एक पोरगेला इंजिनिअर पोत्यांवर नकाशा पसरून उभा होता. मी कोण ते सांगितल्यावर त्यानं नकाशा उचलून मला मागे नेलं आणि फार सौजन्यानं समजावलं.

"या विहिरीला दोन पर्याय आहेत मॅडम. साधी असली तर स्लॅब टाकून वर पार्किंग. ऐतिहासिक असली तर काठावर लोखंडी जाळी, आतून लाईट आणि बाजूला फलक. मागचं फाटक दोन्हीत बंद."

"आणि पाणी?"

"पाणी कशाला मॅडम? नळ आहेत की आता सगळीकडं."

"गल्लीत किती येतो नळ?"

"ते आमच्याकडं नाही," तो म्हणाला, आणि नकाशा गुंडाळू लागला.

एस.टी.त मी दोन्ही उत्तरं तयार करून आणली होती. सही केली तर खोट्याला सही होईल पण विहीर वाचेल. सही नाकारली तर मी वाचेन आणि विहीर जाईल. आता कळलं की तुमचं खोटंसुद्धा विहीर वाचवत नाही. तेव्हा अंगठीनं फाटक उघडं ठेवलं, आता तीच अंगठी जाळी लावते आहे. खरं बोला नाहीतर खोटं बोला, गल्लीची घागर बाहेरच. मला तुमचा इतका राग आला, जणू हे तुम्हाला आधीच कळायला हवं होतं.

विहिरीवर तेव्हा बाया होत्या. राहाट मोडलाय, हातानं दोर ओढतात. त्यातली एक म्हातारी माझ्याकडे बघत राहिली.

"तू जमादाराची लेक न्हवं? चष्मेवाली?"

"हो."

"लई वाळलीस की." मग इतर बायांकडे वळून, "ही पुस्तक घेऊन बसायची, आमच्याकडं मान वर करून बघायची न्हाई." मग पुन्हा मला, "आमच्या विहिरीत लायटी सोडून राहिलेत म्हनं."

"असं ऐकलंय."

"तिकीट लावतेत का काय बघायला? म्हंजे आमी घागर घेऊन तिकिटाच्या लाइनीत उभं ऱ्हायचं."

बाया हसल्या. मी विचारलं, विष्णुपुरी धरणाचं पाणी गल्लीत येत नाही का. "येतं की," एक तरुण बाई म्हणाली, "आलं म्हंजे कळतं." म्हातारीनं सांगितलं की उन्हाळ्यात सगळी गल्ली यावरच असते, आणि मग सहज, दोर ओढता ओढता, म्हणाली, "तुज्या बापानं ठेवली म्हून हाय. न्हाईतर त्या साहेबानं तवाच पुरली असती."

मी विचारलं, तुम्हाला हे कुणी सांगितलं.

"कुनी सांगायला कशाला पाहिजे? आमी फाटकात उभ्या न्हवतो का? माज्या सासूनं तवाच सांगितलं, निजाम बिजाम कुनी आलं न्हाई बाई, जमादार फेकून राहिलाय, तू गप ऱ्हा. तवापून तुज्या बापाला आमी माघारी निजामच म्हनायचो. निजाम आला बघ, घागरी बाजूला घ्या."

इतकी वर्षं मला वाटत होतं की हे फक्त आपल्या तिघांना माहीत आहे. गल्ली सगळी तुम्हाला ओळखून होती, अप्पा. फसले ते फक्त साहेब, आणि साहेबांवर विसंबून लिहिणारे. मी त्या बायांना विचारलं, हे असंच्या असं लिहून देता का. म्हातारी म्हणाली, "लिवायला येत न्हाई, अंगठा देते. पन विहीर ऱ्हाईल का त्यानं?" मी म्हटलं, माहीत नाही. तिला ते उत्तर चाललं.

परतीच्या गाडीत मला स्वस्थ बसवेना. खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. शेजारची बाई वैतागून दुसऱ्या बाकावर गेली. अहमदपूर मागे पडल्यावर मला तुमची एक दुपार आठवली, जी मी इतक्या वर्षांत विसरूनच गेले होते. दुष्काळ सरला होता, ते साहेब बदलून गेले होते आणि नवे आले होते. तुम्ही फेरी करून घरी आलात ते हसत. इतकं हसत होतात की फेटा काढून पोटाशी धरला होता. अव्वानं विचारलं, काय झालं. तुम्ही सांगितलंत की विहिरीजवळ पोचलो आणि मी तोंड उघडणार तेवढ्यात नवे साहेबच म्हणाले, जमादार, ये कुआँ कभी बंद नहीं करना, पीछे का फाटक सुबह खुला रखना. पुराने साहब ने चार्ज में बताया है, निजाम का हुक्म है. तुम्हें मालूम है ना? "मंग तुमी काय म्हनलात?" अव्वानं विचारलं. तुम्ही म्हणालात, "मी म्हणलं, जी हुजूर, आपने बताया, अब याद रखूँगा." अव्वा म्हणाली, "घ्या. तुमचंच खोटं तुमच्यावर हुकूम सोडून राहिलं." मी तेव्हा हसले नाही. परीक्षा जवळ होती आणि मला तुमचा आवाज मोठा वाटत होता. गाडीत मात्र हसले, एकटीच, आणि लगेच तोंडावर रुमाल धरला.

घरी पोचल्याबरोबर नायब तहसीलदार बाईंना फोन केला. म्हटलं, तुमच्या साहेबांना विचारा, चार्ज घेताना त्यांना विहिरीबद्दल कुणी काही सांगितलं होतं का. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "हो म्हणाले मॅडम. आधीच्या साहेबांनी सांगितलं होतं, मागचं फाटक सकाळी बंद करायचं नाही, जुनी पद्धत आहे. त्यांनाही त्यांच्या आधीच्या साहेबांनी सांगितलेलं." बाईंना यात विशेष काही वाटलं नाही. मी फोन ठेवून टेबलाशी बसले.

फर्मान कधी निघालं नाही. पण ते पाळलं गेलं. एका साहेबानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, तुम्ही निवृत्त झालात, गेलात, तरी ते सांगणं थांबलं नाही. राजाच्या हुकमाला पुरावा नाही, पण हुकूम पाळल्याला आहे, आणि पाळला तो कशासाठी, तर गल्लीच्या बायांनी पाणी न्यावं म्हणून. हे मी सहीनं लिहू शकते. हे लिहिताना तुमचं काय करायचं, हा प्रश्न होता. 'ही गोष्ट बनावट आहे' असं लिहिलं आणि खोडलं. 'दंतकथा' लिहिलं, तेही खोडलं. दंतकथा कुणाची नसते, ही तुमची होती. शेवटी असं लिहिलं: 'निजामांच्या मुक्कामाची व अंगठीची गोष्ट खरी नाही. ती या बंगल्याच्या जमादारांनी विहीर बुजवली जाऊ नये म्हणून सांगितली. ते माझे वडील होते व मी तेथे हजर होते.' पुढे साहेबांच्या तोंडी हुकमाची हकीकत आणि शेवटी हे: 'या विहिरीचे महत्त्व तिच्यावर पाणी भरले जाण्यात आहे. ते बंद करून जतन करण्यासारखे काही उरत नाही.' सरकारी कागदावर बापाला खोटारडा म्हणणारी मुलगी तुम्हाला आवडणार नाही. नका आवडू देऊ. तुमच्या गोष्टीनं एकदा काम केलं, दुसऱ्यांदा ती करणार नव्हती. लातुरात आम्ही रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलो आहोत. चालू विहिरीवर स्लॅब पडताना बघायची माझी तयारी नाही, आणि तिच्यावर दिवे लागलेले बघायची तर मुळीच नाही.

काल पुन्हा नांदेडला गेले. आधी गल्लीत जाऊन बायांचं निवेदन लिहून घेतलं, मग कचेरीत. बाईंनी टिपण उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं.

"मॅडम, यातून निजाम गेले."

"ते आलेच नव्हते."

"साहेबांना ती अंगठी फार आवडली होती."

"त्यांना म्हणावं, दोर सोडून बघा."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आणि हे वडिलांचं लिहायलाच पाहिजे का? तुम्हालाच बरं नाही वाटणार उद्या." मी म्हटलं, मला आजही बरं वाटत नाही, पण राहू द्या. त्यांनी टिपण फायलीत लावलं. "जाळीला दार आणि सकाळी फाटक उघडं, असं समितीपुढे ठेवते. शब्द देत नाही." मी शब्द मागितला नव्हता. दगडवाल्याला त्यांनी माझ्यासमोर फोन करून थांबायला सांगितलं. दगड कापून झाला होता, अक्षरं कोरायची होती. एवढंच झालं आहे. विहिरीचं काय होतं ते समिती बसेल तेव्हा कळेल, आणि तोवर मी अशीच कुंड्यांना दोनदा पाणी घालणार.

दिलं ते असं. माझ्या सहीचं दोन पानी टिपण. फलकाचा मसुदा, निजामांच्या परिच्छेदावर काट मारून. गल्लीतल्या बायांचं निवेदन, सह्या आणि अंगठ्यांसह. मागच्या फाटकातून घागरी घेऊन निघालेल्या बायांचा फोटो, मी फोनवर काढलेला, जरा हललेला. पोच घेतली. टिपणात एक वाक्य असं आहे की विहिरीचं पाणी गोड आहे. ते म्हातारीच्या शब्दावर लिहिलं, मी स्वतः ते कधी प्यायलेले नाही. आपल्याला चाळीत नळ होता, आणि गल्लीच्या घागरींशेजारी अव्वानं आपली घागर कधी ठेवू दिली नाही. काल म्हातारीनं तांब्या भरून माझ्यापुढे धरला होता. मी म्हटलं, प्रवासात मी पाणी बदलत नाही.